दोन पानं मागितली, अख्खा अंक आला

प्रिय काका,

'काका' म्हणायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच निरोपात बजावलं होतंत. नंतर हेही बजावलंत, की कुठं लिहिलंस तर माझं नाव घालू नकोस. दोन्ही अटी एकदम पाळणं काही जमेना, म्हणून पहिली मोडतोय. रागावू नका.

हे पत्र खासगीत पाठवलं असतं, तर तुम्ही नेहमीप्रमाणे एका ओळीत विषय मिटवला असतात: "ते राहू दे, अंक वाचलास का?" चारचौघांत लिहिलं की तेवढी सोय राहत नाही.

तुम्ही संगणक-खेळांची जुनी मासिकं स्कॅन करता. मी तुमच्याकडे काय मागितलं होतं, ते आधी सांगतो. कॉम्प्युट्स गॅझेट या कमोडोर कंपनीच्या घरगुती संगणकांसाठीच्या मासिकातल्या एका खेळाच्या लिस्टिंगची, म्हणजे छापील प्रोग्रामची, दोन पानं. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात मासिकं खेळ छापायची. खेळाबद्दलचा लेख वेगळा, इथं खेळच कागदावर असायचा, ओळीनं ओळ, 'बेसिक' या संगणकाच्या भाषेत. तो वाचकानं घरी बसून टाइप करायचा. वरच्या चार ओळी कळायच्या, पुढं मात्र डेटाच्या ओळी सुरू व्हायच्या आणि मग पान संपेपर्यंत स्वल्पविराम घालून मांडलेले नुसते आकडे. मध्येच अवतरणचिन्हांत काळ्या चौकोनात पांढरा बदाम दिसायचा. तो प्रेमाचा नव्हे, 'पडदा पूस' या आज्ञेचा.

माझ्याकडे त्या लिस्टिंगची एक फिकट झेरॉक्स होती. तिच्यावरून मी खेळ टाइप केला आणि तो चालेना. पडदा काळा व्हायचा आणि संगणक ढिम्म. गंमत म्हणजे सगळ्या ओळी बरोबर असल्याचा दाखला माझ्याकडे होता. चुका पकडायला गॅझेटनं ऑक्टोबर १९८३ मध्ये 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' नावाचा छोटा प्रोग्राम दिला होता. छापलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'रेम' (संगणकानं दुर्लक्ष करायच्या शेऱ्याची खूण) आणि त्यापुढं एक आकडा असायचा. आपण ओळ टाइप करून रिटर्न दाबलं की पडद्याच्या वरच्या बाजूला एक आकडा उमटायचा. दोन्ही जुळले की पुढची ओळ. माझे सगळे जुळले होते. तीन संध्याकाळी मी पुन्हा पुन्हा तपासलं, आणि शेवटी लिस्टिंगच चुकीचं छापलंय असा निकाल देऊन मोकळा झालो.

तसं मी तुम्हाला जरा ठसक्यात लिहिलंही होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. "तुझी फाइल पाठव" म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला, तो मी जपून ठेवलाय: "उजवा रकाना, खालून चौथी ओळ. १६९ च्या जागी १९६ टाइप केलंयस."

माझी अक्कल तिथंच जमिनीवर आली. तो जुना प्रूफरीडर ओळीतल्या अक्षरांच्या संकेतांकांची नुसती बेरीज करायचा. एक, सहा, नऊ घ्या किंवा एक, नऊ, सहा घ्या, बेरीज तीच. अदलाबदल झालेले आकडे त्याला दिसायचेच नाहीत. पुढं त्याची नवी आवृत्ती आली, ती अशा चुका पकडायची, पण माझं लिस्टिंग त्याआधीचं. आणि त्या एका आकड्यानं झालं काय? कमोडोरच्या प्रोसेसरला १६९ म्हणजे 'पुढची किंमत उचलून घे' आणि १९६ म्हणजे 'वाय रजिस्टरशी (प्रोसेसरमधल्या एका छोट्या कप्प्याशी) तुलना कर'. दोन्ही आज्ञा दोन-दोन बाइटच्या, त्यामुळे पुढची रांग सरकत नाही. यंत्र चुकीचं काम अगदी शिस्तीत करत राहतं. पुढ्यात छापील अंक ठेवून माझ्या फाइलमधले शेकडो आकडे तुम्ही एकेक करून ताडून पाहिलेत, तेही एका अनोळखी माणसाच्या हट्टापायी. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला हवं होतं.

पण तुमचा खरा उपकार पुढचा आहे. मी दोन पानं मागितली आणि तुम्ही अख्खा अंक स्कॅन करून पाठवलात. पहिल्या मुखपृष्ठापासून मागच्या जाहिरातीपर्यंत. खाली एक ओळ: "पान एकटं वाचू नये."

तेव्हा ते मला थोडं आगाऊपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी जुनी मासिकं वाचायची रीत म्हणजे खेळाचं नाव शोधायचं, परीक्षण काढायचं, खेळाला दिलेले टक्के टिपायचे, संपलं. त्या अंकानंतर तुम्ही एकामागून एक पाठवत गेलात आणि माझी रीत मोडली.

क्रॅश या मासिकाचंच बघा. फेब्रुवारी १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लडलो नावाच्या छोट्या गावातून ते स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी निघालं. परीक्षणं लिहायला गावातली शाळकरी मुलं होती. एका खेळावर तिघांची मतं वेगवेगळी छापायची आणि खाली टक्के. मी इतकी वर्षं फक्त तो शेवटचा आकडा पाहत होतो. तिघांपैकी एकाला खेळ मनापासून आवडलेला नाही, हे वर तीन इंचांवर छापलेलं असायचं, आणि पुढच्या अंकात वाचकांच्या पत्रांत त्यावरून भांडण. ती पत्रं सांभाळणारा लॉइड मँग्रम हा माणूस अस्तित्वातच नव्हता, ते संपादकांनी घेतलेलं सोंग होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. मी त्याच्या बाजूनं होतो!

आणि क्रॅशचे चित्रकार ऑलिव्हर फ्रे यांची मुखपृष्ठं. खेळात आठ रंगांची, एकमेकांत सांडणारी ठोकळेबाज चित्रं, आणि मुखपृष्ठावर तोच प्रसंग सिनेमाच्या पोस्टरसारखा रंगवलेला. कुणी याला फसवणूक म्हणेल. मला वाटतं, खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात जे चाललेलं असायचं त्याचा तो फोटो होता.

फोटोवरून आठवलं. पहिल्या अंकांमधले पडद्याचे फोटो असे फुगीर आणि धूसर का, असं मी विचारलं होतं. मला वाटलं, स्कॅन बिघडलाय. त्यावर तुमचं उत्तर दोन पानांचं! खोलीत अंधार करून, तिवईवर कॅमेरा लावून, चक्क टीव्हीच्या काचेचा फोटो घ्यायचे. शटर झटकन मिटलं तर अर्धंच चित्र येणार, कारण टीव्हीवर किरण वरून खाली चित्र रंगवत जातो. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर हलणारं सगळं फरफटणार. म्हणजे अंतराळयानामागची ती शेपटी कलाकारानं काढलेली नसून छायाचित्रकाराच्या नाइलाजातून आलेली.

कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड वाचायला मात्र मला वेळ लागला. अमेरिकन, गंभीर, सुरुवातीला कोरडं. रसेल साइप यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९८१ च्या अंकानं ते सुरू केलं, आणि १९९४ पर्यंत परीक्षणाला तारे नाहीत की गुण नाहीत. मत हवं तर लेख वाचा! आजच्या घाईत हे कुणाला सांगितलं तर हसतील. त्यांच्या १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर अंकात विक्रीचे आकडे आहेत. 'विझार्ड्री', त्या काळचा गाजलेला खेळ, ३० जून १९८२ पर्यंत २४,००० प्रती. मी शून्य राहिलंय का म्हणून पुन्हा पाहिलं. ज्याला आपण आज एका पर्वाची सुरुवात म्हणतो, ते सगळं एका स्टेडियममध्ये मावलं असतं. हा आकडा कळल्यावर त्या अंकातली पत्रं वेगळी वाटायला लागली. सगळे एकमेकांना ओळखत असल्यासारखे का लिहितात, ते कळलं. स्कॉर्पिया या टोपणनावानं लिहिणाऱ्या बाईंचे कोडी सोडवून देणारे आणि खेळकर्त्यांची बिनधास्त हजेरी घेणारे लेख मी आता क्रमानं वाचतोय.

जाहिरातींबद्दल तुमचं माझं पटणार नाही. पानभर जाहिरात दिसली की तुमचे डोळे लकाकतात. पण 'बँडरस्नॅच'च्या जाहिरातीपुरता मी हरलो. १९८४ मध्ये लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरनं त्या खेळाचा गाजावाजा केला. जाहिरातीत प्रोग्रामरांचे चेहरे, खेळाचं चित्र नाहीच. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी बुडाली आणि खेळ कधी आलाच नाही. नुसती परीक्षणं गोळा करणाऱ्याला या खेळाचा पत्ताच लागणार नाही, कारण परीक्षण लिहायला खेळच नव्हता. तो उरलाय फक्त जाहिरातीत. तुम्ही हे मुद्दाम पाठवलं होतंत ना?

झॅप सिक्स्टीफोर या कमोडोरवाल्या मासिकात १९८५ साली अँड्र्यू ब्रेब्रुक यांनी 'पॅराड्रॉइड' हा खेळ बनवताना लिहिलेली रोजनिशी क्रमशः आली, तीही तुमच्यामुळेच सलग वाचली. आज काय अडलं, काल केलेलं काय फेकून दिलं, असं सगळं. तयार खेळाबद्दलचे शंभर लेख त्यापुढं फिके आहेत.

सगळंच सोनं होतं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणत नाही हे मला आवडतं. विनोद पुष्कळदा पोरकट, बायकांची चित्रं बघवत नाहीत, आणि टक्क्यांची सूज तर केवढी! बऱ्या खेळाला ऐंशी, वाईटाला साठ. अमिगा पॉवर या मासिकानं १९९१ पासून पन्नास टक्के म्हणजे खरोखर मध्यम असं धरून चालायचं ठरवलं, तर त्यांच्याच नावानं ओरड झाली. शिवाय अंक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी मजकूर छापायला जायचा, त्यामुळे अर्धवट खेळ बघून लिहिलेलं पुष्कळ असायचं. हेही तुम्हीच शिकवलंत: आधी अंकाची तारीख बघायची आणि मगच लेखकावर हसायचं.

तुम्ही स्कॅन कसं करता, हे एकदा कॅमेऱ्यावर दाखवलंत, तेही लिहून ठेवतो. पिना मारलेला अंक असेल तर पिना चमच्याच्या दांड्यानं हळूच उघडायच्या, काढायच्या, पानं सुटी करायची, आणि काम झाल्यावर त्याच भोकांतून त्याच पिना परत. डिंकाचा कणा असेल तर तुम्ही कापत नाही. वेळ चौपट लागला तरी चालेल, म्हणता. कागद पातळ, मागच्या पानाची शाई पुढं दिसते, म्हणून पानामागं काळा कार्डपेपर. छपाईच्या बारीक ठिपक्यांची स्कॅनरशी गाठ पडली की कापडावर उठतात तशा लाटा उठतात, म्हणून ६०० डीपीआयवर घ्यायचं आणि मग ठिपके विरघळवायचे. मुखपृष्ठावर कॅसेट चिकटवलेली असायची, ती ओढून काढताना कुणीतरी फाडलेला कोपरा तुम्ही सॉफ्टवेअरनं भरत नाही. "फाटलंय ते फाटलेलं दिसू दे."

म्हणूनच मला ती पेन्सिल दिसली. माझ्या लिस्टिंगच्या डाव्या समासात, प्रत्येक ओळीपाशी एक बारीक टिकमार्क. तुमच्याआधी तो अंक ज्याचा होता, त्यानं टाइप झालेली ओळ खूण करून ठेवलीय. दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत खुणा येतात आणि थांबतात. झेरॉक्समध्ये त्यातलं काही उतरलं नव्हतं. जेवायला हाक आली असेल, वीज गेली असेल, कंटाळा आला असेल. मी त्याच ओळीपासून पुढं माझ्या प्रतीवर खुणा केल्या. खेळ चालला, काका. खेळ म्हणून तसा सुमारच आहे, पण चालला.

तर, मनापासून आभार. फाइलबद्दल, आकड्याबद्दल, काळ्या कार्डपेपरबद्दल, आणि माझा ठसका गिळल्याबद्दल.

आणि हो, अंक वाचला.

तुमचा,
१९६ वाला

ता. क. शेवटचा जो अंक पाठवलात, त्यात ६८ आणि ६९ ही पानं उलटसुलट लागली आहेत. एकूण पानं बरोबर भरतात, त्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसणार. तुमचा प्रूफरीडरही जुनाच दिसतोय.