एकशृंगाच्या शिंगाची किंमत

पुणे

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नातीच्या दप्तरापासून पांघरुणापर्यंत सगळीकडे युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला तो काल्पनिक घोडा, आपल्या भाषेत एकशृंग, आहे आणि तिला त्याची गोष्ट सांगायची म्हटले तर आपल्याजवळ गोष्टच नाही, असे तू लिहिले आहेस. पुढे तू असेही म्हणतोस की, या प्राण्याला भूतकाळच नसावा आणि मुलांसाठी अलीकडेच कोणीतरी रचलेली ती एक निरुपद्रवी कल्पना असावी. तुझ्या या दुसऱ्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही, म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. युनिकॉर्नला गोष्ट आहे. ती सुमारे चोवीसशे वर्षांची आहे, तिची सुरुवात आपल्याच देशाच्या नावाने होते आणि पहिल्या ओळीपासून ती शिकारीची गोष्ट आहे.

इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या सम्राटाच्या, म्हणजे दुसऱ्या अर्तक्षत्राच्या, दरबारी होता. भारतात तो कधी आला नाही. पण त्या दरबारात येणाऱ्या प्रवाशांकडून आणि व्यापाऱ्यांकडून जे कानावर पडले, त्यावरून त्याने भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आज मूळ रूपात उरलेला नाही, मात्र नंतरच्या लेखकांनी दिलेल्या सारांशातून त्यातला मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला आहे. भारतात घोड्याएवढी किंवा त्याहूनही मोठी रानगाढवे असतात, त्यांचे अंग पांढरे, डोके गडद तांबडे आणि डोळे निळे असतात, आणि कपाळावर हात-दीड हात लांबीचे एकच शिंग असते, असे त्यात म्हटले आहे. हे शिंग बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाशी लालभडक असते.

एवढ्यावर वर्णन थांबले असते, तर तुझे म्हणणे मी मान्य केले असते. पण त्याच उताऱ्यात, जवळजवळ त्याच दमात, या शिंगाचे पेले करतात आणि त्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, अपस्मार होत नाही, असेही सांगितले आहे. त्यानंतर येते ते मला फार अस्वस्थ करते. हा प्राणी इतका वेगवान असतो की एरवी तो कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून तो आपल्या पिल्लांना चरायला घेऊन आला की घोडेस्वार त्याला घेरतात. पिल्लांना टाकून तो पळत नाही, शिंगाने आणि लाथांनी झुंजतो, माणसे आणि घोडे मारतो, आणि अखेर बाणांनी व भाल्यांनी मारला जातो. जिवंत तो सापडतच नाही. त्याचे मांस कडू असल्याने खाण्यासाठी त्याला कोणी मारत नाही. मारतात ते शिंगासाठी आणि घोट्याच्या हाडासाठी. युरोपच्या वाङ्मयातला हा पहिला एकशृंग आहे. त्याची किंमत आणि त्याला मारण्याची युक्ती या दोन्ही गोष्टी त्याच्या जन्माबरोबरच ठरून गेलेल्या आहेत.

या वर्णनामागे आपला एकशिंगी गेंडा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि रानगाढव व काळवीट यांच्या ऐकीव गोष्टी त्यात मिसळल्या असाव्यात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक वेळा दिसणारा प्राणीही एकशिंगी आहे, हे तुला ठाऊक असेलच. परंतु त्या मुद्रांवरची लिपी अद्याप वाचता आलेली नाही, त्या प्राण्याची घडण बैलासारखी आहे, आणि त्याचा क्टेसियसच्या गाढवाशी सरळ धागा जोडणे मला घाईचे वाटते. म्हणून तो विषय मी इथेच सोडतो.

आपल्याकडचा जो धागा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, तो ऋष्यशृंगाचा. दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञाचा पुरोहित म्हणून आपण त्याला लहानपणापासून ओळखतो, पण महाभारताच्या वनपर्वात त्याची सबंध कथा आली आहे. विभांडक ऋषींचा हा मुलगा हरिणीच्या पोटी जन्मला, त्याच्या डोक्यावर शिंग होते आणि वनात वाढल्यामुळे बापाखेरीज दुसरे माणूस त्याने पाहिलेले नव्हते. अंगदेशात अवर्षण पडले, तेव्हा या निष्कलंक तरुणाला राज्यात आणले तरच पाऊस पडेल असे लोमपाद राजाला सांगण्यात आले, आणि राजाने त्याला भुलवून आणण्यासाठी नावेवर आश्रम रचून गणिका पाठवल्या. बौद्ध परंपरेतल्या नलिनिका जातकात तर राजा या कामासाठी स्वतःच्या मुलीलाच पाठवतो. एकशिंगी, रानात वाढलेला, भोळा जीव. त्याला वश करण्यासाठी पुढे केलेली स्त्री. आणि शेवटी राजवाडा. हीच जुळणी पुढे युरोपातल्या कथेत दिसते. ही कथा भारतातून पश्चिमेकडे गेली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ते निर्विवाद सिद्ध झालेले नसले, तरी मला ते पटते.

युरोपातली ती कथा ‘फिजिओलोगस’ नावाच्या ग्रीक ग्रंथात प्रथम आढळते. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, बहुधा अलेक्झांड्रिया नगरीत तो रचला गेला. त्यात एकशृंग करडाएवढा लहान पण अतिशय उग्र आहे, आणि कोणत्याही शिकाऱ्याला तो आवरत नाही. तेव्हा एका कुमारिकेला त्याच्या वाटेवर आणून बसवतात. तो तिच्या मांडीवर झेप घेतो, शांत होतो, आणि मग त्याला राजाच्या वाड्यात नेतात. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी या गोष्टीत मेरीच्या उदरी आलेला आणि पुढे माणसांच्या हातून मारला गेलेला येशू पाहिला. बायबलच्या ग्रीक भाषांतरातही एका रानटी जनावरासाठी एकशृंग हाच शब्द आलेला असल्याने, त्याच्या अस्तित्वाविषयी शंका घेणे श्रद्धावंतांना अवघड होते. मध्ययुगीन प्राणिग्रंथांतली चित्रे तू पाहशील, तर त्यांत मुलीच्या मांडीवर डोके ठेवलेला प्राणी आणि त्याच क्षणी त्याच्या कुशीत भाला खुपसणारे शिकारी एकाच चौकटीत दिसतील. आज मुलांच्या पुस्तकांत जे प्रेमळ दृश्य असते, मुलगी आणि तिच्याजवळ शांत बसलेला पांढरा प्राणी, ते या चित्राचा अर्धा भाग आहे. भाला असलेला अर्धा भाग वगळला गेला आहे.

त्या मुलीचाही विचार कर. तिला कोणी विचारले, ती कोणाची कोण, शिकार झाल्यावर तिचे काय झाले, याबद्दल ही कथा मौन बाळगते. तिचे काम आमिषाचे. नंतरच्या काही कथांत तर ती कुमारिका नसेल तर एकशृंग तिला शिंगाने भोसकून मारतो, म्हणजे तिच्या शीलाची परीक्षाही जनावराकडे सोपवलेली आहे. बाराव्या शतकातल्या बायझंटाइन लेखक त्झेत्झेस याने दिलेल्या हकिकतीत मुलगीच नाही. एका धट्ट्याकट्ट्या तरुणाला स्त्रीची वस्त्रे नेसवून, सुगंध लावून बसवतात, आणि तो वास घेत एकशृंग जवळ आला की लपलेले शिकारी येऊन त्याचे शिंग कापतात. या कथेत पावित्र्याचा लवलेश उरत नाही, फक्त फसवणूक उरते. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत हीच शिकार लिहून ठेवली आहे, पण दोष मात्र त्याने प्राण्याला दिला आहे: कुमारिकांच्या ओढीपायी त्याला संयम राहत नाही म्हणून तो पकडला जातो, असे तो म्हणतो. विश्वास ठेवणाऱ्यालाच असंयमी ठरवणारी ही वृत्ती मला त्या भाल्याइतकीच क्रूर वाटते.

आता शिंगाकडे येतो. मध्ययुगीन युरोपात एकशृंगाचे शिंग म्हणून जे विकले जाई, ते वस्तुतः नारव्हाल नावाच्या, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात राहणाऱ्या देवमाशाच्या जातीतल्या प्राण्याचा दात होते. हा दात बहुधा नरालाच असतो, वरच्या ओठातून बाहेर येतो, पीळदार असतो आणि अडीच-तीन मीटरपर्यंत वाढतो. ग्रीनलंडकडून तो व्यापाऱ्यांच्या हाती येई आणि दक्षिणेकडे सरकता सरकता त्याचे मूळ विसरले जाई, की मुद्दाम विसरवले जाई, हे वेगळे सांगायला नको. क्टेसियसच्या शिंगाला पीळ नव्हता. तुझ्या नातीच्या पांघरुणावरच्या शिंगाला जो पीळ आहे तो या दातामुळे आला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या संग्रहातल्या अशा एका शिंगाची किंमत 1598 मध्ये एका जर्मन प्रवाशाने दहा हजार पौंडांहून अधिक नोंदवली आहे. डेन्मार्कच्या राजांनी तर सतराव्या शतकात या दातांनी मढवलेले सिंहासनच करवून घेतले. कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात ते आजही आहे.

एवढी किंमत येण्याचे कारण भीती होते. ज्या दरबारांत भाऊ भावाला विष घालील अशी धास्ती होती, तिथे पेल्यात शिंगाचा तुकडा बुडवल्याशिवाय राजा पाणी पीत नसे. फ्रान्सचा शल्यविशारद आंब्रुआज पारे याने 1582 मध्ये या औषधाविरुद्ध स्वतंत्र निबंध लिहिला. त्याने स्वतः प्रयोग करून पाहिले होते आणि त्या शिंगाला विषावर कोणताही गुण नाही असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातच त्याने सांगितले आहे की, राजाच्या प्रमुख वैद्यालाही ही चाल बंद व्हावी असे वाटत होते, पण समजूत इतकी खोल रुजली होती की तिला हात घालणे त्याला शक्य वाटत नव्हते. 1638 मध्ये ओले वॉर्म या डॅनिश वैद्याने हे शिंग नारव्हालचा दात असल्याचे उघड दाखवून दिले, तरीही त्याची पूड औषध म्हणून पुढे बराच काळ खपत राहिली.

खरा एकशिंगी प्राणी युरोपसमोर आला तेव्हा काय झाले, हे सांगताना गोव्याचे नाव घ्यावे लागते. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून पोर्तुगालच्या राजाकडे रवाना केला आणि 20 मे 1515 रोजी तो लिस्बनला उतरला. प्राचीन ग्रंथांत गेंडा आणि हत्ती यांचे हाडवैर सांगितले होते, म्हणून राजाने त्याची एका हत्तीशी झुंज लावली. हत्ती घाबरून पळाला. मग राजाने तो गेंडा पोपला नजराणा म्हणून जहाजाने पाठवला. 1516 च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज वादळात बुडाले. गेंडा पट्टीचा पोहणारा प्राणी आहे, पण याला डेकवर साखळदंडांनी जखडलेले होते. अल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने एका रेखाटनावरून आणि वर्णनावरून केलेले त्याचे काष्ठचित्र जगभर गाजले, पण ड्यूररने तो गेंडा कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या दोनेकशे वर्षे आधी मार्को पोलोने सुमात्रा बेटावर गेंडे पाहिले होते आणि प्रामाणिकपणे लिहिले होते की, हा चिखलात लोळणारा कुरूप प्राणी आहे आणि कुमारिकेच्या मांडीवर येणाऱ्या प्राण्याशी त्याचे काही साम्य नाही. त्याच्या या साध्या साक्षीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

अनंता, हा सारा इतिहास मी जुना म्हणून सांगत नाही. गेंड्याच्या शिंगाचे पेले विष ओळखतात, ही समजूत चीनमध्येही होती, आणि त्याची पूड औषध म्हणून घेण्याची चाल पूर्व आशियात अजूनही पुरती गेलेली नाही. शिंग केराटिनचे असते. आपली नखे ज्याची, त्याचेच. तरीही व्हिएतनाममधला शेवटचा जावा गेंडा 2010 मध्ये मेलेला सापडला तेव्हा त्याच्या पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेले होते. दक्षिण आफ्रिकेत 2014 या एकाच वर्षी 1,215 गेंडे चोरट्या शिकारीत मारले गेले. आसाम सरकारने 22 सप्टेंबर 2021 रोजी, जागतिक गेंडा दिनी, बोकाखात येथे साठ्यातली 2,479 शिंगे जाहीरपणे जाळली, ती एवढ्यासाठीच की या वस्तूला काडीची किंमत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावे. पारेने चारशे वर्षांपूर्वी निबंध लिहून जे सांगितले, तेच आसामला आग लावून सांगावे लागले. ही चोरटी शिकार युनिकॉर्नच्या कथेमुळे होते, असे माझे म्हणणे नाही. दोहोंच्या मुळाशी तीच एक समजूत आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

तेव्हा नातीला काय सांगायचे? ऋष्यशृंगाची गोष्ट सांग, ती पावसाने संपते आणि मुलांना आवडते. क्टेसियसच्या प्राण्याचीही सांग, आणि पिल्लांना सोडून तो पळत नाही, हे वगळू नकोस. आठ वर्षांच्या मुलीला ते नीट कळते. शिकाऱ्यांचा भाग ती मोठी झाल्यावर आपोआप वाचेल, पण तो नव्हताच असे मात्र तिला सांगू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

डिसेंबरात तू मुलाकडे न्यू जर्सीला जाणार आहेस, तर एक दिवस न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयासाठी राखून ठेव. युनिकॉर्नच्या शिकारीची सुमारे 1500 साली विणलेली सात भित्तिवस्त्रे तिथे आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ती लुटली गेली होती आणि काही काळ शेतकऱ्यांनी बटाटे झाकायला वापरली, असे सांगतात. त्यांतल्या एकात युनिकॉर्न झऱ्यात शिंग बुडवून पाणी विषमुक्त करतो आहे, इतर जनावरे ते प्यायला थांबली आहेत आणि शिकारी भोवताली जमले आहेत; म्हणजे तो उपकार करत असतानाच त्याचा माग लागला आहे. पाचव्या वस्त्राचे दोनच तुकडे उरले आहेत. त्यात कुमारिका जवळजवळ सगळी फाटून गेली आहे, फक्त युनिकॉर्नच्या मानेवरचा तिचा हात राहिला आहे, आणि शेजारी उभी असलेली दुसरी स्त्री शिकाऱ्याला नजरेने खूण करते आहे, असे जाणकार म्हणतात. मी ते केवळ छायाचित्रात पाहिले आहे, त्यामुळे ती खरोखर खूण आहे की आपण कथा ठाऊक असल्याने तसे वाचतो, याचा निर्णय मला करता आलेला नाही. तू समोर उभा राहून नीट पाहा आणि तुला काय वाटले ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर