यांना पुन्हा बोलते करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

यांची स्पीच थेरपी आता संपली, म्हणून आभाराचे हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे असे लिहिले, कारण पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाच्या घरात कसे बोलावे, कसे वागावे, हे पुण्यासारख्या शहरातही पुष्कळांना ठाऊक नसते आणि आम्हाला ते आपल्यामुळे कळले. आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव लिहिलेले नाही.

मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा थांबून यांचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे बंद झाले. घरी आल्यावर तोंडून ‘मग’ हा एकच शब्द निघत असे. पाणी हवे असले तरी ‘मग’ आणि राग आला तरी ‘मग’. नातेवाईक कळकळीने भेटायला येत. कोणी बहिऱ्याशी बोलावे तसे मोठ्याने बोले, कोणी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायला सांगे, कोणी मला स्वयंपाकघरात नेऊन ‘डोक्यावर परिणाम झाला आहे का’ असे हळूच विचारी. आपण पहिल्याच दिवशी खुर्ची यांच्या समोर ओढून घेतलीत आणि यांनाच उद्देशून सांगितलेत, की हा वाचाघात आहे. जीभ ठीक आहे, कान ठीक आहेत, बुद्धीही जागच्या जागी आहे, अडचण आहे ती मनातला शब्द शोधून ओठांवर आणण्यात. पॅरिसमधले डॉक्टर ब्रोका यांच्याकडे १८६१ साली आलेल्या एका रुग्णाला ‘टॅन’ एवढेच म्हणता येत असे आणि त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा आढळली, हेही आपण सांगितलेत. यांनी ते मान वर करून ऐकले. वैद्यकशास्त्राला हा आजार इतक्या वर्षांपासून माहीत आहे, एवढ्यानेच मला केवढा धीर आला!

यांची सारी नोकरी रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात हिशेब लिहिण्यात गेली, हे कळताच आपण चित्रांची कार्डे बाजूला ठेवून ‘बे एके बे’ सुरू केलेत, आणि ‘मग’खेरीज काहीही न बोलणारे हे ‘बे दाहे वीस’पर्यंत न अडखळता गेले. मला वाटले, वाचा परत आली. घोकून पाठ झालेले पाढे, वार, आरत्या अशा आजारातही पुष्कळदा शाबूत राहतात, पण ते अजून संभाषण नव्हे, हे आपण मला समजावलेत आणि मग त्याच पाढ्यांचा उपयोग करून घेतलात. औषध किती वाजता, असे विचारले की हे ‘एक, दोन, तीन, चार’ असे मोजत येत आणि चारवर थांबत. पुढे पहिले आकडे मनातल्या मनात मोजले जाऊ लागले आणि मोठ्याने फक्त ‘चार’ येऊ लागले. ‘चहा हवा’, ‘दार लाव’ अशी छोटी वाक्ये डाव्या हाताने ताल धरून स्वरात म्हणायची पद्धतही आपण शिकवलीत. बॉस्टनच्या संशोधकांनी ती १९७३ साली मांडली, असे आपण म्हणाला होतात.

पण माझ्या मते आपले सर्वांत मोठे काम यांच्यावर झाले नाही, आमच्यावर झाले. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, बोलताना टीव्ही बंद ठेवावा, हो किंवा नाही म्हणून भागेल असे विचारावे, नाहीच जमले तर वहीत दोन पर्याय मोठ्या अक्षरांत लिहून बोट ठेवायला सांगावे, आणि समजले असे वाटले तरी ‘तुम्हाला असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारून खात्री करून घ्यावी, हे आपण मला, मुलाला, सूनबाईंना आणि आठ वर्षांच्या नातवालाही सराव करून घेत शिकवलेत. सर्वांत कठीण होते ते थांबणे. चष्मा मागताना यांच्या तोंडून ‘पेपर’ येई, तेव्हा चटकन चष्मा हातात देण्याऐवजी ‘नाकावर ठेवायचा का?’ असे विचारून यांना आपला शब्द सापडू द्यायचा, ही माया मला आपल्याकडून शिकावी लागली.

मंडईत नेण्यासाठी आपण करून दिलेले कार्ड यांच्या खिशात अजून असते: ‘पक्षाघातामुळे मला बोलायला वेळ लागतो. आपले बोलणे मला समजते. कृपया थांबा.’ भाजीवाल्या मावशींनी ते वाचून मागच्या गिऱ्हाइकाला हाताने थोपवले आणि यांनी ‘मेथी... एक... जुडी’ असे स्वतः सांगितले.

सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही, असे आम्हाला दुसरीकडे सांगण्यात आले होते. आपण खोटी आशा दाखवली नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत वेग अधिक असतो, पण त्यानंतरही, अगदी काही वर्षांनीसुद्धा, सुधारणा होऊ शकते, एवढेच सांगितलेत, आणि तसेच झाले. लांब वाक्ये यांना अजून जमत नाहीत आणि फोनवर बोलणे अवघड जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे, हेही आपण सांगितले नसते तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याचे आमच्या मनातही आले नसते.

आपल्याकडे येणाऱ्या एखाद्या नव्या कुटुंबाला आमच्याशी बोलावेसे वाटले, तर आमचा पत्ता अवश्य द्यावा. फक्त त्यांना सकाळी यायला सांगावे. दुपारनंतर हे थकतात आणि शब्द लवकर सापडत नाहीत. पाहुण्यांशी बोलायला यांची तयारी आहे, हे मी यांना विचारूनच लिहीत आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका रुग्णाची पत्नी
सदाशिव पेठ, पुणे