माडीवरच्या खोलीबद्दल

व्हिएन्ना,
२० सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

माडीवर आमच्यासाठी खोली बांधायचा विषय फोनवर काढला की तू "बघू गं" म्हणून पोरांचं विचारायला लागतेस, म्हणून कागदावर लिहितेय. अप्पांनाही वाचून दाखव. दादाशी मी वेगळं बोलेन.

परवा तुमच्याकडे घट बसतील. इथे आमच्या जिन्यात तीन दिवस मिरच्या भाजल्याचा वास कोंडलाय. समोरच्या सर्बियन आजींचा आय्वार चाललाय. आय्वार म्हणजे त्यांचं वर्षाचं साठवण, जसं आपलं मेतकूट नि लोणचं. ब्रुनेनमार्क्टच्या बाजारातून त्यांनी वीस किलो लाल मिरच्या आणल्या. तिखट नव्हेत, आपल्या ढोबळीची लांबट, मांसल बहीण समज. त्या पार काळ्या पडेपर्यंत भाजायच्या, झाकून घाम येऊ द्यायचा आणि मग साल काढायचं. मी नळाखाली धरून सोलायला गेले तर हातावर चापट बसली. पाण्याने चव जाते म्हणे! तू वांगं भाजल्यावर मला हेच सांगायचीस. नंतर तेलात घालून तासन् तास ढवळायचं. डावाने रेघ ओढली आणि पातेल्याचा तळ दिसून राहिला की झालं. वरच्या मजल्यावरच्यांनी वासाबद्दल दारावर चिठ्ठी लावून ठेवली होती. आजींनी तिच्यावरच गरम डाव ठेवला.

मुलं त्यांना "बाबा" म्हणतात. सर्बियनमध्ये बाबा म्हणजे आजी. त्यामुळे आमच्याकडे "बाबा, बाबांनी तुम्हाला बोलावलंय" असली वाक्यं चालतात, आणि ह्यांनी आता हात टेकलेत. अप्पांसाठी मुद्दाम लिहिते : त्यांच्यात नवऱ्याच्या भावाला "देवेर" म्हणतात आणि सुनेला "स्नाहा". दहावीला अप्पांनी माझ्याकडून घोकून घेतलेली "स्नुषा" अशी ऑस्ट्रियाच्या जिन्यात भेटेल असं वाटलं नव्हतं. जावेलासुद्धा वेगळा शब्द आहे, "येत्रवा". जर्मनमध्ये दीर, मेहुणा, साडू सगळे एकाच शब्दात कोंबतात. आजी म्हणतात, या लोकांच्या घरात भांडणं तरी कशी होत असतील, कोण कोणाचं हेच कळत नाही.

आता त्यांचं सांगते, कारण पत्र त्यासाठीच आहे.

ऑस्ट्रियाने १९६६ पासून करार करून युगोस्लाव्हियातून कामगार आणले. त्यांना शब्दच होता "पाहुणे कामगार". पाहुण्याने काम करावं आणि निघून जावं. आजी १९७२ मध्ये आल्या, एकवीस वर्षांच्या. सर्बियातलं, पोझारेवात्सजवळचं गाव. नवरा बांधकामावर, आजी ऑफिसांची साफसफाई करायला. पाच वर्षं काढायची, घर बांधायचं आणि परत जायचं, असं ठरलं होतं. मुलगी आठ महिन्यांची होती, तिला आईकडे ठेवलं. त्या वेळी पुष्कळांनी असंच केलं, त्या सांगतात. पहाटे चारला कामावर जाणाऱ्या बाईने तान्हं कुठे ठेवायचं? वर्षातून दोनदा जायच्या, बाहुल्या नि चॉकलेटं घेऊन. मुलगी सात वर्षांची झाल्यावर इथे शाळेसाठी आणली, तर ती यांना "तेता" म्हणायची. तेता म्हणजे मावशी. "मामा" म्हणायला, म्हणजे आई म्हणायला, तिला पुढचा उन्हाळा लागला. हे सांगताना आजी मिरचीचं साल ओढत होत्या. हात थांबला नाही. मीच उठून चहा टाकला.

पाच वर्षांची त्रेपन्न झाली. मध्यंतरी देश मोडला. ज्या युगोस्लाव्हियाचा पासपोर्ट घेऊन त्या आल्या तो नकाशावर उरला नाही. १९९९ मध्ये त्यांच्या सर्बियावर नाटोचा बॉम्बवर्षाव अठ्ठ्याहत्तर दिवस चालला. तेव्हा फोनच्या शेजारी खुर्ची टाकून झोपायच्या. त्याबद्दल जास्त बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

पण घर बांधलं. आई, तू फोटो बघायला हवेस! तीन मजले, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, दर मजल्याला गच्ची. एक मजला मुलीचा, एक मुलाचा. सोफ्यांवरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. आख्ख्या गावात अशीच घरं, शेजाऱ्याचा एक सिंह जास्त. ऑगस्टमध्ये तीन आठवडे गाड्या येतात, अंगणात मांस भाजतात, लग्नं उरकतात, आणि मग खिडक्यांचे पडदे खाली. हिवाळ्यात एक म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन घराघरातले नळ फुटलेत का बघत फिरतो. आता सांग, हे कुठलं गाव? आपल्या वाडीत गणपती गेले की कुलपं लागतात तेव्हा तू ओटीवर बसून मोजतेसच की.

मुलगी लिन्झला, इथल्याच दुसऱ्या शहरात असते. तिच्या पोरांना आजोळी इंटरनेट मिळत नाही म्हणून ती जात नाहीत. नवऱ्याला मात्र आजींनी गावातच नेऊन पुरलं. "एकाला तरी पूर्ण मजला मिळाला," असं त्या म्हणाल्या नि हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

तर माडीवरच्या खोलीबद्दल. संडास-बाथरूम जोडून, साडेसात लाखांचा अंदाज आलाय, असं दादा म्हणाला. "तुम्ही आलात की मुलांना बरं पडेल," असं तुझं म्हणणं. आई, इथल्या शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडतात. गणपतीला मी येऊ शकत नाही, यंदाही जमलं नाही आणि पुढची दहा वर्षंही जमणार नाही. जुलैत येतो तेव्हा चार आठवडे, त्यातला एक सासरी. तेवढ्यासाठी स्लॅब टाकू नका. कौलं काढून चिऱ्यांवर काँक्रीट चढवायचं, ते कोणासाठी? मुलं तुझ्याजवळ खाली गोधडीवरच झोपतात. धाकट्याला पागोळ्यांचा आवाज हवा असतो. तो स्लॅबवर कसा येणार?

त्या पैशात न्हाणीघर दुरुस्त करा. अप्पांना धरायला दांडी बसवा. आणि मार्चमध्ये दोघं इथे या. नव्वद दिवसांचा व्हिसा मिळतो, कागद मी पाठवते. "परक्या मुलखात काय करू" म्हणू नकोस. आजींनी तुझी सोय लावून ठेवलीय. दारात पहिल्यांदा येणाऱ्याला त्या चमचाभर मुरवलेलं फळ आणि पेलाभर पाणी देतात, आपल्या गूळपाण्यासारखं. मग ओल्या केसांनी वाऱ्यात उभी राहिलीस म्हणून ओरडतील. मुलांना अनवाणी फरशीवर बघितलं की त्यांचा तोल जातो. तुम्हा दोघींना भाषेची गरज पडेलसं वाटत नाही.

डिसेंबरात जमलं तर आणखी मजा. एकोणीस तारखेला त्यांची स्लावा असते, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, कुळाचारच म्हण. बापाकडून मुलाकडे येतो. मेणबत्ती, गोल पाव, साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू. आमंत्रण कोणालाच नसतं, ज्याला आठवण आहे तो येतो. त्यांचा तो उपासाचा काळ, म्हणून ताटात मासे! उपासाला मासे ऐकून अप्पा धर्मांतर करतील, जपून सांग.

आमसुलं संपत आलीत, पण घाई नाही. गुडघ्याचं तेल लावतेस ना?

तुझी,
धाकटी

ता. क. ऑफिसातल्या एका मुलाबरोबर आय्वारची बाटली पाठवतेय. तो पुण्याला उतरेल, तिथून दादा रातराणीच्या ड्रायव्हरकडे देईल. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांची पार्सलंही बसच्या ड्रायव्हरकडूनच गावी जातात. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेव. पावाला किंवा भाकरीला नुसतं लावून खायचं. फोडणी देऊ नकोस. देशीलच, पण निदान लसूण घालू नकोस, त्यात आधीच आहे.