वीस शेळ्यांचा हिशेब

एडिंबरा

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आटपाडीत आपल्या शाळेचा पट घसरला, घराघरात एक-दोनच पोरं, मग देशात माणसं अजून वाढतात कशी?" तेवढ्यात रेंज गेली. मी इथं शिकतोय ते नेमकं हेच, म्हणून सावकाश लिहितो.

आपल्या शेळ्यांवरच बघा. फक्त माद्या मोजायच्या. समजा, एक शेळी वर्षाला एक मादी करडू देते. निम्मी करडं जगून पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या माद्या, होतात, पाठी पुढच्या वर्षी सगळ्या शेळ्या होतात, आणि व्यायल्यावर दरसाल निम्म्या शेळ्या आपण बाजारात काढतो. हिशेब केला तर एका मादी करडामागं जन्मभरात सरासरी एकच मादी करडू पडतं. म्हणजे कळप वाढायला नको, घटायला नको.

पण सुरुवात २० शेळ्यांनी करा. वर्षानं २० करडं, १० शेळ्या, एकूण ३०. दुसऱ्या वर्षी २५, तिसऱ्या वर्षी साडेबावीस. असं वरखाली होत आठ-दहा वर्षांत कळप २५ च्या आसपास ठरतो: १० करडं, ५ पाठी, १० शेळ्या. सुरुवात २० करडांनी केली तर साडेबारावर ठरतो, पण वाटणी तीच, दोन-एक-दोन. सुरुवातीची वयं कळप विसरतो. ती ऐन वयाची होती की कोवळी, हे फक्त शेवटच्या आकड्यात उरतं.

देशाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागं सरासरी २.० मुलं निघाली, पिढीची जागा पुढच्या पिढीनं बरोबर भरायला सुमारे २.१ लागतात. तरी वाढ थांबत नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतली मुलं आज आईबाप व्हायच्या वयात आहेत.

वयानुसार लोकसंख्या कशी सरकते याचं समीकरण मॅकेंड्रिक नावाच्या डॉक्टरनं १९२६ मध्ये इथल्याच गणित मंडळाच्या नियतकालिकात छापलं. हा माणूस आधी कसौलीच्या पाश्चर संस्थेत होता! पुढच्या वर्षी करमॅक या सहकाऱ्याबरोबर साथींवर लिहिताना त्यानं मुंबईच्या प्लेगाचे आकडे घेतले. ते वाचताना तुमच्या आज्जीनं सांगितलेल्या, प्लेगात गाव सोडून बांधलेल्या रानातल्या झोपड्या आठवल्या.

एक काम करा. शेळीचं वय ओळखायला तुम्ही जबडा उघडून दात बघता ना, तशा दोनदाती, चारदाती, जुळलेल्या (सगळे दात आलेल्या) वेगवेगळ्या मोजून वहीच्या पानाचा फोटो पाठवा. माझे 'समजा' काढून तुमचे आकडे घालतो.

आजीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेय का?

तुमचा नातू