रोमचे श्रेय जरा मोजून द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील रोमविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. पोप बारावे पायस यांच्या शिष्टाईमुळे रोम बॉम्बहल्ल्यांतून वाचले, हा त्यातील निष्कर्ष निम्माच खरा आहे.

रोमवर बॉम्ब पडले, आणि तेही अनेकदा. १९ जुलै १९४३ रोजी पाचशेहून अधिक अमेरिकी विमाने शहरावर आली. सान लोरेन्झोच्या रेल्वे यार्डालगतची कामगारवस्ती जमीनदोस्त झाली, हजाराहून जास्त माणसे मेली, तिथल्या प्राचीन बॅसिलिका चर्चचीही मोडतोड झाली. आणि व्हॅटिकनच्या विनवण्या तर इटली १९४० मध्ये युद्धात उतरली तेव्हापासून चालू होत्या! रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी मायरन टेलर, व्हॅटिकनच्या आवारातच राहणारे ब्रिटिश दूत ऑस्बर्न, सगळ्यांमार्फत निरोप गेले. लंडनने शब्द दिला नाही तो नाहीच.

त्याला कारणही होते. दक्षिणेकडच्या आघाडीची रसद रोमच्याच यार्डांतून जात होती आणि लष्करी कार्यालये शहरातच होती. ती हलवा, असे व्हॅटिकनने इटलीलाही सांगून पाहिले. मुसोलिनीचे सरकार चालढकल करत राहिले. माझ्या मते पोपची शिष्टाई फसली ती इथे, घरच्याच सरकारपुढे. मुसोलिनीची सत्ता गेल्यावर १४ ऑगस्टला नव्या बादोल्यो सरकारने रोम ‘खुले शहर’, म्हणजे लष्करी वापर आणि बचाव सोडलेले शहर, जाहीर केले. पण ती एकतर्फी घोषणा होती. सप्टेंबरात शहर जर्मनांच्या ताब्यात गेले आणि रसद चालूच राहिली.

मग साधले काय? वैमानिकांच्या नकाशांवर व्हॅटिकन आणि मोठी चर्चेस खुणा करून दिली गेली. जून १९४४ मध्ये जर्मन सैन्य शहरात न लढता मागे हटले, त्यातही पोपच्या आग्रहाचा वाटा असावा. अर्थात जर्मन सेनापती केसेलरिंगला आपले सैन्य सुखरूप बाहेर काढायचे होतेच. म्हणजे जुने रोम बव्हंशी राहिले. यार्डांशेजारच्या गरिबांना मात्र या शिष्टाईचा फारसा उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये कास्तेल गांदोल्फो या खुद्द पोपच्या मालकीच्या आवारात आसऱ्याला आलेले शेकडो निर्वासित बॉम्बहल्ल्यात मेले, याचा लेखात उल्लेखही नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममधून हजारावर ज्यूंना धरून आउश्वित्झला पाठवले, तेव्हा शहरासाठी इतके जाहीर बोलणाऱ्या पोपनी नाव घेऊन निषेध केला नव्हता. श्रेय देताना तेही सांगायला हवे होते.

आणखी एक. लेखासोबत छापलेले, गर्दीत दोन्ही हात पसरून उभ्या पोपचे छायाचित्र १९ जुलैचे, सान लोरेन्झोचे नाही. ते १३ ऑगस्टच्या दुसऱ्या हल्ल्यानंतर सान जोव्हान्नी भागात टिपलेले आहे. ही चूक जगभर छापली जाते. आपण तेवढी दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा