शुद्धिपत्र पुस्तकाच्या आत हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डेटा सायन्सचे नवे अभ्यासक्रम, त्यांच्या जागा आणि त्यांची फी यांवर वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. या अभ्यासक्रमांना लागलेल्या पुस्तकांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी संख्याशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. अजूनही एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून जाते, आणि काही मुले घरी शंका विचारायला येतात. त्यांच्या हातात बेझियन मॉडेलिंगच्या (आधीचा अंदाज आणि नवी आकडेवारी यांचा मेळ घालण्याच्या पद्धतीच्या) एका परदेशी पुस्तकाची स्वस्त भारतीय प्रत असते. पुस्तकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लेखकाने ते मनापासून लिहिले आहे, आणि माझी तक्रार लेखकाविरुद्ध नाही, जुन्या चुका तशाच छापत राहणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध आहे.

या पुस्तकात सूत्र आणि कोड शेजारीशेजारी छापलेले आहेत. सूत्रातली छपाईची चूक हुशार विद्यार्थी दोन ओळी वर-खाली पाहून हेरतो. कोडमधली चूक संगणकच दाखवील असे आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. बेझियन मॉडेल चालवणाऱ्या स्टॅन या प्रणालीच्या २.३३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, ॲरे (आकड्यांच्या याद्या) लिहिण्याची जुनी पद्धत चालत नाही. पुस्तकातला जुना कोड जसाच्या तसा टाइप केला की संगणक तिथल्या तिथे नकार देतो. मुले वैतागतात, कुणाला तरी विचारतात, काम मार्गी लागते. असल्या चुकांचा मला राग नाही. मुकाट्याने चालणाऱ्या चुकांचा आहे.

रिग्रेशनच्या, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या, प्रकरणात लिहिले आहे की गुणांकासाठी (पहिली गोष्ट एकाने वाढली की दुसरी किती बदलते त्या आकड्यासाठी) सरासरी ० आणि प्रमाण विचलन (विखुरण्याचे माप) १०० असलेला नॉर्मल प्रायर घ्या. प्रायर म्हणजे आकडेवारी पाहण्याआधीचा अंदाज. इथे अर्थ असा, की या गुणांकाबद्दल आधीपासून आम्हाला फारसे काही माहीत नाही, काय ते आकडेवारीनेच सांगावे. त्याखाली जॅग्स या दुसऱ्या बेझियन प्रणालीचा कोड आहे: डीनॉर्म (म्हणजे नॉर्मल वितरण), कंसात ० आणि १००. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटते. पण जॅग्समध्ये, आणि त्याच्या आधीच्या बग्जमध्येही, कंसातला दुसरा आकडा म्हणजे प्रिसिजन, व्हेरियन्सचा (प्रमाण विचलनाच्या वर्गाचा) व्यस्त. प्रिसिजन १०० असेल तर प्रमाण विचलन ०.१ होते. लेखकाला हवे होते १००, त्यासाठी कंसात ०.०००१ लिहायला हवे होते. विचलनात हजारपटीचा फरक पडला. ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणणारा प्रायर आता ‘गुणांक शून्यालाच चिकटून आहे’ असे ठासून सांगू लागतो. (आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत आणि स्टॅनमध्ये तीच जागा प्रमाण विचलनाची असते. त्यामुळे एकातून दुसऱ्यात कोड उतरवताना हा घोटाळा अनुभवी माणसांकडूनही होतो.)

आणि प्रोग्राम चालतो! चारही चेन, म्हणजे नमुने काढण्याच्या स्वतंत्र फेऱ्या, एकमेकींत छान मिसळतात, त्या जुळल्याचा निर्देशांक आर-हॅट १.००, म्हणजे हवा तसा, येतो, आलेख सुबक निघतो. संगणकाने आपले काम चोख केलेले असते, फक्त भलत्याच मॉडेलवर. एका मुलीने याच कोडवर आपला प्रोजेक्ट बेतला होता: सोयाबीनचे एकरी उत्पन्न आणि जूनचा पाऊस. तिच्या बाइंड केलेल्या प्रतीत दर शंभर मिलिमीटर पावसामागे ०.०७ क्विंटल असे उत्तर होते, इंटरव्हलमध्ये (खरे उत्तर ज्या पट्ट्यात असावे त्यात) शून्य आरामात बसत होते, आणि खाली निष्कर्ष: ‘पावसाचा उत्पन्नाशी संबंध आढळत नाही.’ शेतकऱ्याच्या घरची मुलगी ही. मी तिला तो एक आकडा बदलून प्रोग्राम पुन्हा चालवायला सांगितला. ०.०७ चे १.८ झाले आणि इंटरव्हल शून्यापासून लांब सरकला. तिने विचारले, “मॅडम, मग पुस्तकातल्या उदाहरणाचे उत्तरसुद्धा चूक का?” हो. तेही चूक.

लेखकाने ही दुरुस्ती आपल्या संकेतस्थळावर कधीच नोंदवली आहे. यादी लांबलचक आहे आणि तो ती प्रामाणिकपणे वाढवत असतो. भारतीय प्रत मात्र त्या नोंदीनंतर पुन्हा छापली गेली, तरी पानावर डीनॉर्ममध्ये १०० तसाच. प्रकाशकाला कळवले. ‘आपली सूचना पुढील आवृत्तीच्या वेळी विचारात घेऊ’ असे उत्तर आले. पुढची आवृत्ती येईपर्यंत किती बॅच बाहेर पडतील याचा हिशेब कुणी करायचा?

दुसरी एक चूक मला व्यक्तिशः लागली. प्रमाणासाठी, म्हणजे शंभरात किती अशा हिश्श्यासाठी, ‘जेफ्रीज प्रायर’ म्हणून बीटा (१, १) हे वितरण छापले आहे. तो सरळ सपाट, सगळ्या किमतींना सारखेच वजन देणारा, प्रायर झाला. जेफ्रीजचा बीटा (१/२, १/२). पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते डॉ. हुजूरबाजार मूळचे कोल्हापूरचे, आणि केंब्रिजला त्यांनी पीएच.डी. केली ती याच हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे. निदान आपल्याकडच्या प्रतीत तरी जेफ्रीजच्या नावावर दुसऱ्याचा माल खपू नये. फरक किरकोळ आहे असेही नाही. दहा रुग्णांपैकी एकालाही औषधाचा त्रास झाला नाही, तर सपाट प्रायरने त्रासाच्या प्रमाणाची पोस्टिरियर (आकडेवारी पाहिल्यानंतरची) सरासरी १/१२, म्हणजे सुमारे ८.३ टक्के येते. जेफ्रीज प्रायरने ०.५/११, म्हणजे सुमारे ४.५ टक्के. जवळजवळ निम्मी.

फ्रेंच गणिती लाप्लासच्या प्रसिद्ध उदाहरणात तर गंमतच आहे. पॅरिसमध्ये १७४५ ते १७७० या काळात २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली जन्मल्याची नोंद होती. जन्मणारे मूल मुलगी असण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त असेल का, हा त्याचा प्रश्न. उत्तर इतके लहान, की दशांश चिन्हानंतर ४१ शून्ये येतात आणि मग पहिला अंक. पुस्तकातला कोड पीबीटाचे, म्हणजे निम्म्यापर्यंतची शक्यता देणाऱ्या आरमधल्या फंक्शनचे, उत्तर १ मधून वजा करतो. संगणक जेमतेम सोळा अंक धरून ठेवतो, त्यामुळे वजाबाकी नेमकी ० येते, आणि पुस्तकातले वाक्य म्हणते, ‘शक्यता शून्य’. आरमध्ये वरच्या शेपटीचे क्षेत्र थेट मागता येते, ते मागितले की खरा आकडा समोर येतो. व्यवहारात दोन्ही उत्तरे सारखीच म्हणा. पण बेझियन पुस्तकाने शून्य असे सहज लिहून टाकू नये. एखाद्या गोष्टीला एकदा शून्य शक्यता दिली की नंतर कितीही पुरावा आला तरी बेझच्या सूत्रातून ती शून्यच राहते. अशी शून्य शक्यता देऊ नये, या पथ्याला ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी क्रॉमवेलचा नियम असे नाव दिले, आणि याच पुस्तकात पुढे त्यावर चांगले दीड पान आहे.

आता परीक्षेचे. पोस्टिरियरमधून हजार नमुने काढून इंटरव्हल सांगा, असा साधा प्रश्न होता. पुस्तकात सीड (यादृच्छिक नमुन्यांचा क्रम ठरवणारा सुरुवातीचा आकडा) दिलेले आहे, म्हणजे प्रत्येकाला तेच उत्तर मिळायला हवे. पण एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आले तेव्हा सॅम्पल या फंक्शनची नमुने काढायची मूळ पद्धतच बदलली. जुन्यात बारीकसा पक्षपात होता, तो काढला. पुस्तकातले आकडे त्याआधीचे आहेत. एका विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये इंटरव्हलच्या खालच्या टोकाशी व्हाइटनर लावलेला दिसला, त्यावर ०.४३१. प्रिंटआउटवर ०.४३८ होते. विचारले तर म्हणाली, “सर म्हणाले, पुस्तकाशी जुळत नसेल तर मार्क जातात.” दोन्ही आकडे बरोबर होते, हजारच नमुने घेतल्यावर एवढे इकडेतिकडे व्हायचेच. बाकी जर्नल उलटून पाहिली. सगळ्यांकडे ०.४३१. वर्गातल्या एकाही संगणकावर न आलेला आकडा वर्गातल्या प्रत्येक जर्नलमध्ये होता. मी तिला पूर्ण मार्क दिले, प्रिंटआउटचे.

जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी शुद्धिपत्र असे: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कधी कधी ते वेगळे छापून डिंकाने चिकटवलेले असे. प्रकाशक काही श्रीमंत नव्हते, तरी तेवढे करत. आजच्या प्रकाशकाला पुनर्मुद्रणाच्या वेळी लेखकाची यादी दोन पानांत छापणे जड जाऊ नये. कोडच्या पुस्तकात त्या चार रकान्यांना मी पाचवा जोडीन: या दुरुस्तीने पुस्तकातले कोणते उत्तर, कोणता आलेख बदलतो. ‘१०० ऐवजी ०.०००१ वाचावे’ एवढ्याने भागत नाही. त्या आकड्यावर पुढची तीन पाने आणि एक निष्कर्ष उभा आहे, तो उभा राहतो की पडतो हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. सोबत कोड कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला तेही लिहावे: आर अमुक, स्टॅन तमुक. यादी संकेतस्थळावर आहे, हे उत्तर मला पुरत नाही. ज्याने छापील प्रत विकत घेतली त्याला अशी काही यादी आहे हेच ठाऊक नसते, कारण भारतीय प्रतीत तो पत्तासुद्धा छापलेला नाही.

अभ्यास मंडळांकडेही एक मागणे आहे. संदर्भग्रंथांच्या यादीत नुसते नाव आणि लेखक न देता आवृत्ती आणि मुद्रणाचे साल द्यावे, आणि प्रॅक्टिकलच्या गुणदान योजनेत स्पष्ट लिहावे की सीडवर अवलंबून असलेल्या उत्तरात तिसऱ्या दशांश स्थळाचा फरक आला तर मार्क कापू नयेत. जूनमध्ये वर्ग सुरू होतील, त्याआधी एका परिपत्रकात हे बसण्यासारखे आहे.

— संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा
(नाव व पत्ता प्रसिद्धीसाठी नाही)