विषय: लांबी विचारलीत, रुंदी विचारलीत, उंची कोण विचारणार?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, आणि त्यांच्यावर जे कोणी असतील ते,

तुमच्याकडून घेतलेल्या विजेच्या फायरप्लेसने खोली तापत नाही, म्हणून काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. सतरा मिनिटं चालला, त्यातली अकरा मी तुमची धून ऐकली. आधी हिंदीत तीन मेल झाले, इंग्रजीत एक झाला. चारही वेळा "आपका अनुरोध हमारे लिए महत्वपूर्ण है" एवढंच आलं. बिलावर पत्ता पुण्याचा आहे, म्हणून आता मराठीत लिहितो. निदान भाषेची सबब नको.

मॉडेल कोणतं ते जोडलेल्या बिलावर आहे. काळ्या काचेचं, 50 इंची, खोट्या लाकडांचं. किंमत 38,500, बसवायचे 1,200 वेगळे. तुमच्या वेबसाइटवर ते निवडायला एक कॅल्क्युलेटर दिलाय. त्यात दोन चौकटी आहेत. मी 18 भरले, 16 भरले. हिरवी टिक आली: "288 चौरस फूट. हे मॉडेल आपल्या खोलीसाठी योग्य." तिसरी चौकट नाही. माझ्या मुलाने शोरूमलाही फोन करून खात्री केली, तिथेही लांबी-रुंदीच विचारली. बसवायला आलेल्या माणसानेही तेच.

आमचं घर ग्वाल्हेरला, लश्कर भागात, जनकगंजात. जुना वाडा, दगडी भिंती दोन फूट जाडीच्या. दिवाणखान्याचं छत 15 फुटांवर आहे. पंखा लांब दांडीवर लटकतो. तुमच्या माणसाने त्या पंख्याकडे मान वर करून पाहिलं, "क्या पुराना मकान है साहब" म्हणाला आणि ड्रिल सुरू केलं.

ऊब चौरस फुटांत मोजत नाहीत हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तापवायची असते हवा आणि भिंती. 18 गुणिले 16 गुणिले 15, म्हणजे 4,320 घनफूट, साधारण 122 घनमीटर. इंग्लंडात लाकडाची शेगडी विकणारा दुकानदारसुद्धा घनमीटरला 14 ने भागून किलोवॅट काढतो. त्या हिशेबाने पावणेनऊ किलोवॅट होतात. तो हिशेब बाहेर शून्याच्या आसपास आणि आत 21 अंश धरून केलेला असतो. आमच्याकडे जानेवारीत पारा 4-5 अंशांवर जातो, म्हणून मी तो तुमच्या बाजूने कमी केला. तरी सहा किलोवॅटच्या वर लागतात, आणि तेही बऱ्यापैकी बंदिस्त घराला. आमच्या दारांच्या फटीतून मांजराचं पिल्लू जाईल. तुम्ही दिलेत दोन.

2000 वॅट म्हणजे 2000 वॅट. बाजारातल्या दीड-दोन हजार रुपयांच्या ब्लोअरमध्येही तेवढीच ऊब असते, वर काच आणि केशरी दिवे नसतात एवढंच. बीटीयूत, म्हणजे एसीवाले उष्णता ज्यात मोजतात त्यात, तासाला 6,800 च्या आसपास. एक टनाचा एसी तासाला 12,000 बीटीयू ओढतो हे तुमच्या सेल्सवाल्याला पाठ असेल, मग हे गणित त्याला का जमू नये?

आता प्रयोग ऐका. मी निवृत्त माणूस, वेळ आहे. संध्याकाळी सहाला खोलीत 11 अंश होते. तुमचं यंत्र तीन तास पूर्ण चालवलं, मीटरवर सहा युनिट पडले. खुर्चीच्या उंचीवर साडेतेरा. मग जळमटं काढायच्या बांबूला थर्मामीटर बांधून छताशी धरला: 18. म्हणजे आमच्याकडे सुखात आहेत त्या पाली.

आणि धुराडं. ज्या कोनाड्यात हे बसवलंत ती पणजोबांच्या काळातली खरी फायरप्लेस आहे, वर धुराडं उघडं. गरम हवा त्यातून सरळ गच्चीवर जाते. बसवणाऱ्याने विचारलं नाही. शेवटी मीच वरून पोतं कोंबलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात 15 पर्यंत गेलं. तुमच्या 1,200 च्या बसवणुकीपेक्षा माझ्या फुकटच्या पोत्याने जास्त काम केलं, याची नोंद घ्यावी.

आता कालचा फोन. हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या, मला वाटलं लिहून घेताहेत. मग म्हणाल्या, "सर, घर में बुज़ुर्ग हैं क्या?" मी म्हटलं, हो, आई आहे, 86 वर्षांची. तिच्यासाठीच घेतलं. तर म्हणतात, "तो सर, उमर में ठंड ज़्यादा लगती है. प्रोडक्ट में प्रॉब्लम नहीं है."

मी म्हटलं, बाई, थर्मामीटरला वय नसतं.

थोडा वेळ गप्प. मग, "सर, आप माताजी को स्वेटर पहनाइए, और फ्लेम इफेक्ट ऑन रखिए. देखने से भी गर्माहट फील होती है." बघूनसुद्धा ऊब वाटते! हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी ते जास्त गोड आवाजात म्हटलं. ग्वाल्हेरात 86 हिवाळे काढलेल्या बाईला स्वेटर कधी घालायचा हे तुमच्या कॉल सेंटरने शिकवायचं? ती तीन घालते. वर शाल, पायात मोजे, कानाला मफलर.

वरिष्ठांना द्या म्हटलं. वरिष्ठ आले. त्यांनी उपाय काढला: दुसरं युनिट घ्या, दहा टक्के सूट देतो, एकाशेजारी एक लावा. एकाच कोनाड्यात, एकाच सॉकेटवर. 4000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला 17 अँपिअरच्या वर, सॉकेट 16 चं. वायरिंग वडिलांच्या वेळचं. मंजूर भार 3 किलोवॅट. आग खोटी विकता ती विकता, आता खरी लावायला निघालात?

एखाद्या प्रामाणिक दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं असतं: काका, हा हॉल विजेवर तापायचा नाही. आईंच्या पलंगाजवळ साधा रॉडचा हीटर ठेवा, तो हवेच्या नादी न लागता माणसाला शेकतो. नाहीतर खालून खोटं छत करून घ्या. त्यात तुमचे 38,500 गेले असते, म्हणून सांगितलं नाहीत. उंची विचारली असती तर सांगावं लागलं असतं. म्हणून उंचीही विचारली नाहीत. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

हे घेण्याआधी आई कोळशाची शेगडी वापरायची. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर थंडीत पेपरात असते. मी घाबरलो. तिच्याशी भांडून शेगडी भंगारात दिली, म्हटलं, आता कंपनीचं आणतो, धूर नाही, गॅस नाही. ती रोज रात्री त्या केशरी दिव्यांसमोर हात धरते, मग माझ्याकडे बघते आणि म्हणते, "बाळ, भंगारवाला परत कधी येतो रे?" याचं उत्तर तुमच्या हेल्पलाइनने द्यावं.

तीस वर्षं आमच्या घरात तुमचाच गीझर आहे. लोकांना मी तुमचं नाव सुचवायचो. ते बंद.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण रक्कम, बसवायच्या 1,200 सकट, परत करा आणि यंत्र घेऊन जा. सूट नको, कूपन नको, दुसरं युनिट तर नकोच. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला त्यासाठी पुण्याला यावं लागत नाही, दावा इथे ग्वाल्हेरातच लागतो, आणि पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. यायचं तुम्हाला आहे. जानेवारीची तारीख मिळावी अशी इच्छा. स्वेटर आणा. हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट, मीटरचे फोटो आणि थर्मामीटर बांधलेल्या बांबूचा फोटो जोडला आहे. तुमचे फोन "गुणवत्तेसाठी रेकॉर्ड" होतात ना? कालचा सांभाळून ठेवा, आयोगापुढे मागवणार आहे.

त्याआधी पाहणीला माणूस पाठवणार असाल तर पाच मीटरचा टेप देऊन पाठवा. मागच्याकडे तीनचा होता.

आपला (अजूनपर्यंत) ग्राहक,
जनकगंज, लश्कर, ग्वाल्हेर